पाळकाच्या घरालाही एक दिवस द्या

मी नाशिकमधल्या एका चर्चचा तरुण पाळक, म्हणजे धर्मगुरू. १८५४ साली मिशनऱ्यांनी वसवलेल्या इथल्या शरणपुरात गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांनाही आसरा मिळाला होता. शरण आलेल्याला जागा देणं हा आमचा वारसाच. पण पाळकानं कुठं जायचं? गेल्या महिन्यात मुलगी तापानं फणफणलेली असताना मी दुसऱ्याच्या घरी प्रार्थनेला गेलो. परतलो तेव्हा बायको कपाळावरची पट्टी बदलत होती; काही बोलली नाही. त्या रात्री मला प्रार्थना सुचलीच नाही. रविवारी उपासनेनंतर हे सांगितलं, तर एक आजी म्हणाल्या, “पाळकसाहेब, सोमवारी फोन बंद ठेवा.” इतर चर्चच्या मंडळ्यांनीही आपल्या पाळकाला आठवड्यातला एक दिवस घरासाठी द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक पाळक, नाशिक