शिंपीकाकांचा आषाढ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं प्रकरण दोनदा वाचलं. समीकरणं सोडून दिली, तक्त्यांपाशी मात्र बराच वेळ थांबले. जमिनीचा भाव पडला की तारण तोकडं पडतं, कर्ज आटतं, मग जमिनी विकायला निघतात आणि भाव आणखी उतरतो. कियोताकी आणि मूर या अर्थशास्त्रज्ञांनी 1997 साली मांडलेलं हे चक्र मी त्याच सुमारास आमच्या बँकेच्या शाखेत बसून पाहिलं.

बायपास होणार अशी बातमी आली आणि त्या बाजूचे प्लॉट चढले. चढलेल्या भावाने मूल्यांकन झालं, त्यावर आम्ही तिघांना कर्ज दिलं. त्या पैशातून त्यांनी शेजारचेच प्लॉट घेतले, भाव अजून चढला. मग रस्ता दुसरीकडून गेला. तिन्ही खाती एकाच वर्षात थकली. लिलावाच्या दिवशी मी, शिपाई आणि वसुली अधिकारी लिंबाखाली दुपारी दोनपर्यंत बसून होतो. कोणी फिरकलं नाही. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा होता, मूल्यांकनाचा अहवाल फायलीत होता आणि शिफारशीखाली माझी सही होती. धंद्यातून हप्ता निघेल का, हे मी नीट तपासलं नव्हतं. ती सही मला अजून बोचते.

पण मनू, तुझ्या प्रकरणात एक गोष्ट राहून गेली आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ बर्नान्के यांना 2022 चं अर्थशास्त्राचं नोबेल डायमंड आणि डिबविग या दोघांसोबत मिळालं. बर्नान्के यांचा 1983 चा महामंदीवरचा निबंध पुन्हा वाच. 1930 ते 1933 या काळात अमेरिकेत हजारो बँका बुडाल्या, आणि त्यांच्याबरोबर कोण फेडणारा आणि कोण बुडवणारा ही वर्षानुवर्षांची ओळखही गेली. मंदी लांबण्याचं ते एक मोठं कारण, असं ते म्हणतात.

आपल्या गल्लीतले शिंपीकाका आठव. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी चुरगळलेल्या नोटा सरळ करत काउंटरवर ठेवायचे. आषाढात लग्नसराई थांबली की तीन हप्ते मागे पडायचे, दिवाळीच्या शिलाईत सगळे फेडायचे. दरवर्षी. आमची शाखा बंद झाली, खातं तालुक्याला गेलं. तिथल्या साहेबांनी तीन थकीत हप्ते पाहिले आणि काकांचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याला लागेल तसे पैसे उचलायची सोय, बंद केलं. त्या साहेबांना तरी दोष कसा देऊ? फायलीत आषाढ कुठेच लिहिलेला नव्हता. तो मला तोंडपाठ होता, आणि मी लिहून ठेवला नाही.

म्हणून सांगते, शाखा बंद झालेल्या गावांच्या तारखा मिळतात का बघ. आधी नेमाने फेडणाऱ्या लहान खातेदारांना पुढच्या दोन वर्षांत कर्ज मिळालं का, तेवढं तपास. जिथे जमिनीचे भाव हललेच नाहीत, अशी गावं आधी घे. तिथे कर्ज आटलं असेल, तर ते तारणामुळे आटलेलं नाही.

माझ्या शाखेतल्या वेळच्या डायऱ्या माळ्यावरून काढून ठेवल्या आहेत. दिवाळीला येशील तेव्हा आपण दोघी बसू.

तुझी,
आई