फ्रीव्हीलवर छिन्नी नको, पुलर वापरा

महोदय,

जुन्या गिअरच्या सायकलीवर चढाला जोर दिला की चेन दातांवरून उडी मारते. मागच्या दातेरी चकत्या झिजल्या असतील तर त्या काढून नव्या बसवाव्या लागतात. दुकानात नेल्यावर पुष्कळदा छिन्नी-हातोडी बाहेर येते, नाहीतर ‘मागचे चाकच बदला’ असे सांगितले जाते. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. योग्य पुलर (चकत्यांचा संच काढायचे, खाचांत बसणारे हत्यार) हाताशी असेल तर हे काम लवकर उरकते.

आधी मागच्या चकत्या कोणत्या पद्धतीने बसवल्या आहेत ते पाहावे. चाक काढून चकत्या उलट्या फिरवाव्यात. मधल्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट (सरकवून बसवलेला चकत्यांचा संच). तिला चेनव्हिप (चकत्या धरून ठेवणारी चेनची दांडी) आणि लॉकरिंगचा, म्हणजे तिला आवळून धरणाऱ्या कड्याचा, पाना लागतो. खाचा जागच्या जागी राहिल्या तर ते आट्यांवर बसणारे फ्रीव्हील. आपल्याकडच्या जुन्या पाच, सहा, सात चकत्यांच्या सायकलींत बहुधा हेच असते. पॅडल मारताना ते हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आवळतच जाते, म्हणून काही वर्षांनी घट्ट बसलेले असते. चकत्या उलट फिरवून ते सुटत नाही, कारण त्या मोकळ्याच फिरतात. धरायचा असतो तो आतला गाभा, आणि पुलर त्यासाठीच असतो. शिमानो कंपनीच्या फ्रीव्हीलला बारा खाचांचा पुलर लागतो, तर जुन्या सनटूर कंपनीच्या फ्रीव्हीलला दोन किंवा चार खाचांचा. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

अ‍ॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) उजवा नट काढावा, पुलर खाचांत पूर्ण बसवावा आणि तोच नट वरून हलकेच आवळावा. क्विक रिलीज (नटाऐवजी चाक धरणारी खटक्याची दांडी) असेल तर त्याची स्प्रिंग काढून दांडीने पुलर धरावा. दोन खाचांच्या पुलरला तर असे धरलेच पाहिजे, नाहीतर तो घसरतो, खाचेचा कोपरा उडतो आणि मग कोणताच पुलर धरत नाही. पुलर बेंच व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) पकडून, टायर न काढता, चाक दोन्ही हातांनी धरावे आणि वरून पाहताना घड्याळाच्या उलट फिरवावे. व्हाइस नसेल तर मोठा पाना आणि त्याला दोन फुटी पाइप. ‘कट’ आवाज करून फ्रीव्हील हलले की थांबावे, नट सैल करावा आणि मगच पुढे फिरवावे. नट तसाच ठेवून जोर लावला तर अ‍ॅक्सलचे आटे जातात.

छिन्नी खाचेत मारली की खाच तुटते. फ्रीव्हीलच्या झाकणावर मारली तर झाकण सुटून आतले छर्रे आणि कुत्रे (चकत्या एकाच दिशेला अडवणारे छोटे खटके) जमिनीवर सांडतात (झाकणाचे आटे उलटे असतात, हे अनेकांना ठाऊक नसते). खाचा आधीच गेल्या असतील तर मात्र झाकण मुद्दाम उघडून, उरलेला गाभा व्हाइसमध्ये पकडून चाक फिरवणे, हा शेवटचा उपाय आहे.

फ्रीव्हील निघालेच आहे तर उजव्या बाजूचे तुटके स्पोक आत्ताच बदलावेत. फ्रीव्हील जागेवर असताना या स्पोकची डोकी निघत नाहीत. अ‍ॅक्सल सपाट काचेवर लोळवून वाकलाय का पाहावे. अशा हबमध्ये उजवीकडे बेअरिंगच्या आधाराच्या बाहेर त्याची लांबी जास्त असते, म्हणून तो तिथेच वाकतो किंवा तुटतो.

नवे बसवताना आटे पुसून ग्रीस लावावे. हब अ‍ॅल्युमिनियमचे आणि फ्रीव्हील लोखंडी, त्यामुळे आटा तिरका लागला तर हबच वाया जाते. आधी थोडे उलट फिरवून आट्यांची सुरुवात जुळू द्यावी, मग हातानेच आवळावे; पहिल्या काही जोरदार पॅडलमध्ये ते पक्के बसते. चकत्यांची संख्या जुन्याइतकीच घ्यावी. पाचाच्या जागी सात घातल्या तर छोटी चकती किंवा तिच्यावरची चेन फ्रेमला घासू शकते, आणि खटक्याचा शिफ्टर (गिअर बदलायचा दांडा) जुळत नाही.

चेनही मोजावी: २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंचाने वाढली असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश इंचाने वाढली असेल तर चकत्याही झिजलेल्या असतात. नव्या फ्रीव्हीलवर जुनी ताणलेली चेन चढवणे म्हणजे पैसे घालवणे. शेवटी डिरेलरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचे) दोन्ही मर्यादा-स्क्रू पुन्हा पाहावेत, नाहीतर मोठ्या चकतीवरून चेन थेट स्पोकमध्ये जाते.

दुकानदारांनी निदान तीन प्रकारचे पुलर ठेवावेत, आणि गिऱ्हाइकाने काम सुरू होण्याआधी आपल्या फ्रीव्हीलचा पुलर दाखवायला सांगावा.

— सायकलदुरुस्ती करणारा एक वाचक, पुणे