वैनी, ‘जेवलास का’ विचारल्याबद्दल

वैनी,

फोनवर काही सांगायला गेलो की तुम्ही "हां हां, बरं, जेवलास का" म्हणून विषयच कापता, म्हणून म्हटलं लिहूनच टाकूया आणि सगळ्यांसमोरच लिहूया. तुमचं नाव घालू नको असं तुम्हीच म्हणालाय, घालत नाही. आता भावकीतले वाचतील त्यांना कळणारच कोण ते, त्याला माझा इलाज नाही.

२०१३ चा मे महिना आठवतोय का? मी बारा वर्षांचा, तुमचं लग्न होऊन वर्ष पण झालं नव्हतं. दुपारी लोडशेडिंग, खाली सगळे ओसरीवर आडवे झालेले आणि माडीवर आपण दोघं, तुमचा तो माहेराहून आणलेला लॅपटॉप पोत्यावर ठेवून. आजी त्याला वैनीची पेटी म्हणायची. तुम्ही मैत्रिणीकडून पेनड्राईव्हवर पिक्चर आणलेला, ‘टॉमबॉय’, फ्रेंच, खाली इंग्लिश सबटायटल. मला दोन्ही येत नव्हतं. तर तुम्ही सबटायटल वाचून हळू आवाजात मराठीत सांगत होता, खाली ऐकू जाऊ नये म्हणून, आणि मधेमधे जिन्याकडं बघत होता. मला तेव्हा वाटलं आत्या झोपलीय म्हणून हळू बोलताय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, गोष्ट एवढीशी आहे. लॉर नावाची दहा वर्षांची पोरगी, केस बारीक कापलेले, आईबाप आणि धाकटी बहीण झान यांच्याबरोबर नवीन ठिकाणी राहायला येते. सुट्टी चालू असते. खाली लिसा नावाची पोरगी भेटते, तिला वाटतं हा पोरगा आहे, नाव विचारते आणि ही सांगते, मिकाएल. झालं. तिथनं पुढं सगळी सुट्टी मिकाएल म्हणून, फुटबॉल, पोहणं, मारामारी, आणि घरात परत लॉर. भाषण नाही, डॉक्टर नाही, कोर्ट नाही. ८२ मिनिटांचा पिक्चर.

पण मला तुमचे आभार मानायचेत ते पिक्चर दाखवल्याबद्दल नाही, म्हणजे त्याबद्दल पण, पण खरं कारण वेगळंच आहे.

इंग्लिशमध्ये "आय केम" म्हटलं की बोलणारा बाई का पुरुष ते कळत नाही. "यू केम" म्हटलं तरी कळत नाही. मराठीत मात्र सुटका नाही, तोंड उघडलं की ठरवावं लागतं. लिसा मिकाएलशी बोलते तिथं तुम्ही वाचलंत, "तू नवीन आलायस का?" आलायस. आणि मी लगेच कान टवकारले. मग ती अंघोळीची सीन आली, आई हाक मारते आणि तेव्हा बघणाऱ्याला पहिल्यांदा कळतं की ही लॉर आहे. मी विचारलं, "म्हंजे पोरगी हाय व्हय ती?" तुम्ही म्हणालात, "बघ की पुढं." आणि पुढं परत तसंच वाचत राहिलात, तो गेला, तो आला, तू खेळतोस का. एकदाही चुकला नाहीत. तेव्हा मला वाटलं सबटायटलमध्ये तसंच लिहिलंय. गेल्या वर्षी पुण्यात रूमवर परत लावला तेव्हा लक्षात आलं की तिथं तर बऱ्याच ठिकाणी काहीच ठरलेलं नाही, ते सगळं तुम्ही ठरवत होता, त्या पोत्यापुढं बसून, एकेक क्रियापद.

आणि हे कोल्हापूरकराला जास्त कळेल. आमच्याकडं बायका पण "मी आलो, मी जातो, मी करतो" म्हणतात. आजी म्हणते, आई म्हणते, शाळेतल्या सगळ्या पोरी म्हणायच्या. त्यामुळं मी "मी खेळाय जातो" म्हटलं तर कुणाचं लक्षच जायचं नाही. ‘मी’ च्या आड मी आरामात लपलेलो होतो, किती बरं होतं ते मला पुण्यात कॉलेजला गेल्यावर कळलं. पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवर एकीनं हसून सांगितलं, "आलो काय, आले म्हण." आपल्या गावात आजीला कुणी असं सांगून बघावं! पण गावात सुद्धा दुसऱ्यांनी हाक मारली की मी सापडायचो. कुठं गेलीस. कधी आलीस. ही ऐकतच नाही. दिवसाला शंभर वेळा. कुणी वाईट बोलत नव्हतं, नुसतं जेवायला बोलवत होतं, पण प्रत्येक वेळी आत काहीतरी टोचायचं आणि काय टोचतंय ते कुणाला सांगायला शब्द नव्हता.

तुम्ही पुण्याकडच्या, तुम्ही "मी आले" म्हणणाऱ्या. तुम्हाला तो फरक ऐकू येत होता, आमच्या घरात कुणाला येत नव्हता.

पिक्चर बराचसा झाला आणि बॅटरी गेली. कुठं गेली ते पण मला आठवतंय. आईला सगळं कळलेलं असतं आणि ती निळा फ्रॉक बाहेर काढते, तिथं. स्क्रीन काळी. मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही म्हणालात, "लाईट आली की बघू." आणि लाईट रात्री आली, रात्री सगळे घरात, मग दुसऱ्या दिवशी पाहुणे. दोन दिवस मी त्या फ्रॉकवर अडकून पडलेलो. कारण आमच्या घरी पण एक फ्रॉक, म्हणजे घागरा, कपाटात तयार होता, आंबा कलरचा, जरीचा, थोरल्या ताईच्या लग्नासाठी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आलो. तुम्ही भाकरी थापत होता, पाठमोऱ्या. मागं न बघता म्हणालात, "जेवलास का?"

मी तिथंच उभा.

"काय म्हणालासा?"

"जेवलास का म्हटलं, कान फुटले का?" आणि परातीतलं पीठ गोळा करायला लागलात, जसं काय झालंच नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, फुगली, उतरवली. मी त्या भाकरीकडं बघत बसलो कारण तुमच्याकडं बघायचं धाडस नव्हतं. खाल्ली किती ते आठवत नाही, चारेक असतील.

तिथनं पुढं चारचौघात तुम्ही पण सगळ्यांसारखंच बोलायचात, ते मला समजत होतं, नवी सून, तुम्ही तरी काय करणार. पण स्वयंपाकघरात, गोठ्यात, माडीवर, "आलास का", "कुठं गेलावतास" (आमचं कोल्हापुरी पण उचललंत हळूहळू). कधी बसवून विचारलं नाही की तू नक्की कोण आहेस. विचारलं असतं तर मी पळालो असतो, खरंच सांगतो, उत्तरच नव्हतं माझ्याकडं.

आणि उरलेला पिक्चर नंतर बघितला. आई लॉरला फ्रॉक घालायला लावून घरोघरी घेऊन जाते, पोरांसमोर, लिसासमोर. मी तेव्हा त्या आईवर जाम भडकलेलो. आता बघितल्यावर कळतं की तिला पण काही सुचत नाहीये, शाळा चालू होणारे, पटावर नाव लॉर आहे, पुढं काय. राग तरी पूर्ण गेला नाही. मग लॉर रानात जाते, तो फ्रॉक काढून झाडाच्या फांदीवर टाकते आणि तशीच पुढं चालायला लागते. बघा, मी पण इथं ‘लागते’ लिहिलं. तुम्ही तिथं काय वाचलं होतंत? काहीच नाही. तिथं बोलणंच नाहीये.

ताईच्या लग्नाच्या दिवशी तुम्ही ओरडत बाहेर आलात, "अगं बाई, ह्या घागऱ्याची चेन गेली की!" आता ऐनवेळी शिंपी कुठला, मग मला दादाचा जुना पांढरा शर्ट आणि जीन्स. आईनं कपाळाला हात लावला पण वऱ्हाड दारात आलेलं. त्या शर्टातला फोटो माझ्याकडं अजून आहे, बारा वर्षांचा असताना मी हसतोय असा तो एकच. ती चेन पकडीनं तोडलेली होती हे मला दादानं सांगितलं, पाच-सहा वर्षांनी. पक्कड पण त्याचीच.

ह्या वेळी पिक्चर बघताना जरा वाचलं पण त्याबद्दल. सेलिन शियामा म्हणून बाई आहेत त्यांनी लिहून दिग्दर्शित केलाय, २०११ चा. शूटिंग सगळं वीस दिवसांत, तो पण फोटो काढायच्या कॅननच्या कॅमेऱ्यावर. लॉर झालेल्या झोए एराँ हिचे खरेखुरे दोस्तच त्यात तिची गँग म्हणून घेतलेत, म्हणून ती फुटबॉलची सीन एवढी खरी वाटते, पोरं खोटी खेळतच नाहीयेत. आणि २०१४ मध्ये तिकडं टीव्हीवर दाखवायच्या वेळी काही लोकांनी बंद करा म्हणून सह्या गोळा केल्या होत्या. फ्रान्समध्ये! आणि तुम्ही त्याच्या एक वर्ष आधी कागल तालुक्यात माडीवर दाखवून मोकळ्या.

एक सीन तेव्हा तुम्ही पटकन पुढं ढकललीत, आता कळलं का ते. पोहायला जायचं असतं म्हणून लॉर आपला लाल स्विमसूट कापून चड्डी करते आणि आत ठेवायला मातीचा, म्हणजे त्या रंगीत प्लॅस्टिसिनचा तुकडा बनवते. तुम्हाला लाज वाटली असणार. पण त्याच्यानंतरचं पण त्यात गेलं हो. घरी आल्यावर ती तो तुकडा एका डबीत ठेवते, ज्या डबीत तिचे पडलेले दुधाचे दात असतात. बस. कुणी काही बोलत नाही. तेवढं एकदा नक्की बघा, मी घेऊन येतो.

शेवट मात्र दोन्ही वेळा तसाच आवडला. लिसा परत नाव विचारते आणि ती सांगते. तुम्ही वाचलंत, "माझं नाव लॉर." त्या वाक्यात मराठीत पण ना तो ना ती. मी तेव्हा विचारलेलं, "मग मिकाएल गेला?" तुम्ही म्हणालात, "असेल की तिथंच. सुट्टी संपली फक्त."

आता कागदांवर पण माझं नाव बदललंय, तुम्हाला माहितीच आहे, पहिला फोन तुम्हालाच केलेला. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. जेवलास का?" आणि ह्या वेळी मागनं दादाचा, आईचा आवाज येत होता, म्हणजे तुम्ही सगळ्यांच्या समोर म्हणालात. मी फोन ठेवून बराच वेळ जिन्यात बसलो.

रविवारी येतोय. तांबडा जरा जास्त करा. मघाशी घरी फोन केला, आजीनं उचलला, म्हटलं आजी, मी येतो रविवारी, सकाळच्या गाडीनं. म्हणाली, "ये की. मी बी येतो स्टँडवर."

तुमचाच
दीर