ठसा कोरणाऱ्याचेही नाव छापा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्स्वा मिलेचा मळणी करणारा शेतकरी छापून आला. फ्रान्सच्या खेड्यातली हलाखी कोल्हापूरच्या वाचकांपुढे आणलीत, याचे समाधान वाटले. मात्र खाली ‘मिलेचे रेखाटन’ एवढेच लिहिले होते आणि छपाईत काळ्या रेषांचा राखाडी लगदा झाला होता.

हे लाकडी ठशावरून काढलेले छापचित्र आहे. मिलेने शेतीकामाची दहा चित्रे काढली, आद्रियाँ लाव्हिएयने ती लाकडात कोरली आणि १८५३ मध्ये पॅरिसच्या ‘लिल्युस्त्रासियों’ या सचित्र साप्ताहिकात ती आली. १८८९ मध्ये साँ-रेमीच्या मनोरुग्णालयात व्हॅन गॉगने याच छापांवरून रंगीत चित्रे केली. म्हणजे त्याने गिरवल्या त्या लाव्हिएयच्या रेषा.

अशा बारीक कामाला बॉक्सवुड हे कठीण, घट्ट लाकूड लागे, तेही खोडाच्या आडव्या कापाचे. फळीच्या उभ्या कापात अवजार तंतूंच्या दिशेने ओढले जाते आणि रेषेची कड उडते. आडव्या कापात ब्युरिन, म्हणजे कोरायचे टोकदार अवजार, हवी तशी वळते. बॉक्सवुडचे खोड बारीक असल्याने मोठ्या चित्राला लहान ठोकळे जोडत. जोड ढिला पडला की छापात पांढरी रेघ दिसते. ठोकळ्याची उंची छपाईच्या शिशाच्या अक्षरांइतकी (खिळ्यांइतकी), सुमारे साडेतेवीस मिलिमीटर, म्हणून चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापले जात.

कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो. सावलीसाठी काळ्या रेषांची जाळी हवी असेल, तर पेनाचे दोन-चार फटकारे पुरतात. लाकडात मात्र रेषांमधला प्रत्येक इवलासा पांढरा चौकोन वेगळा टोकरावा लागतो. ब्युरिन सटकली तर तेवढ्या जागी भोक पाडून त्याच लाकडाची खुंटी ठोकायची, ती घासून सपाट करायची आणि पुन्हा कोरायचे. मिलेने गरिबीसाठी रडवे चेहरे काढले नाहीत; वाकलेल्या पाठी, लाकडी जोडे आणि जड अवजारे त्याला पुरली. ते वजन या ठाम काळ्या रेषांवर उभे आहे.

म्हणून छपाईची विनंती. चित्र ग्रेस्केलमध्ये, म्हणजे राखाडी छटांत, घेतले की त्यावर टिंबांची जाळी बसते. रेषा त्या जाळीहून बारीक असल्याने तुटतात, वर लाटांसारखे पट्टे उमटतात. चांगल्या छापावरून १२०० डीपीआयला (इंचाला १२०० टिंबे) लाइन आर्ट म्हणून, म्हणजे फक्त काळे-पांढरे, स्कॅन करावे. नेटवरची जेपीईजी घेऊ नये. टिंबांची जाळी (स्क्रीन) न घालता फक्त काळ्या शाईत, शक्यतो मूळ मापात छापावे. जागा कमी असेल तर चित्र आकसू नये, त्याचा एखादा भागच मूळ मापात द्यावा. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, तेव्हा रेषा स्कॅनमध्येच किंचित बारीक ठेवाव्यात.

चित्रकार आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या या गावात चित्रकला शिकणारी मुले अशी पाने कापून ठेवतात आणि त्यावरून ठसेही करू पाहतात. त्यांच्यासाठी एवढे सांगतो: एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) एवढी बारीक रेषा भुगा होऊन पडते आणि सागवानात धार लवकर बोथट होते. सुरुवात लिनोवर (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर) करावी, रेषा मिलिमीटरभर जाड ठेवावी आणि चित्र उलटे उतरवून घ्यायला विसरू नये.

पुढच्या वेळी ओळ अशी द्यावी: चित्र – मिले, कोरीव काम – लाव्हिएय, लाकडी ठसा, १८५३.

– काही छापचित्रकार व कलाशिक्षक, कोल्हापूर