ओटी भरेल हाये का रिकामी?

आर्वी तालुका, जि. वर्धा
१४ डिसेंबर

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोन मध्येच ठेवला, त्याचा राग धरला असशील तर आधी हे पत्र पुरं वाच, मग हवा तेवढा धर. फोनवर आणखी दोन मिनिटं बोललो असतो तर नको ते तोंडून गेलं असतं. शिवाय इथे रेंज येते ती पाण्याच्या टाकीजवळ, आणि टाकीजवळ उभं राहून चित्रकलेवर भांडायचं म्हणजे अख्ख्या गावाला फुकटचा तमाशा.

मी रंगवलेल्या मायच्या चित्राचा फोटो पाहून तू एवढंच म्हणालास, "चित्र उतरलंय बरं, पण मायचा चेहरा कोरा आहे बे. दुःख दिसत नाही त्यात." मला झोंबलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण तू मायला ओळखत होतास. ए.टी.डी.च्या, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेच्या सुट्ट्यांत महिना महिना आमच्याकडे पडून असायचास, तिच्या हातचे पानगे खायचास. तुला कोणी सांगितलं की दुपारी चार वाजता कापसाच्या वावरात माय दुःखी असायची? तेव्हा तिच्या डोक्यात संध्याकाळच्या भाजीचा विचार असायचा, नाहीतर कोणत्या बाईनं किती वेचलं याचा हिशोब. विदर्भातली शेतकरीण म्हटली की तुम्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना डोळ्यांत पाणीच लागतं. ते नसलं की चित्र अपुरं. (हे मी रागात लिहितोय, पण खोडत नाही.)

आणि यात माझाही वाटा आहे. तीस वर्षं पोट्ट्यांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसवलं. स्मरणचित्राच्या तासाला ओरडून सांगायचो, "चेहऱ्यावर भाव आणा रे!" मग पोट्टे भुवया तिरप्या करायचे, ओठ खाली वळवायचे, फारच मन लावलं तर गालावर दोन थेंब. आणि हात? हात काढायला जमत नाहीत म्हणून आठवडी बाजारातली झाडून सारी माणसं पाठीमागे हात बांधून उभी. भाजीवालीसुद्धा! तेव्हा हसायचो. आता वाटतं, चूक त्यांची नव्हती. भाव म्हणजे चेहरा, हे मीच त्यांच्या डोक्यात घातलं होतं.

फोन ठेवल्यावर तुला खोटं पाडायला मी मनात पुरावे गोळा करू लागलो. पहिला पुरावा तुझ्याच साक्षीचा आहे. आठवतं, वर्ध्याहून पॅसेंजरनं जळगाव आणि पुढे एस.टी.नं अजिंठा? सोळा नंबरच्या लेण्यात लांब वायरचा दिवा हातात घेतलेला माणूस, आणि भिंतीवर ती मूर्च्छित पडलेली राजकन्या. सगळे तिला मरणासन्न राजकन्या म्हणतात. ती सुंदरी, बुद्धाचा भाऊ नंद याची बायको. नवरा भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट तेवढा घरी परत आला, तो क्षण. तू म्हणालास, "एक डोळा मीट आणि लांबून तळहातानं तिचा चेहरा झाक." मी झाकला. काही बिघडलं नाही. एका बाजूला कललेली मान, निर्जीव लोंबणारी बोटं, मागून सावरणारी दासी, मनगट धरून तिच्याकडे टक लावून बसलेली दुसरी, सगळं तसंच काळजाला भिडत होतं. मग तू हात झाकायला लावलेस. झाकले, तर बाई नुसती पेंगतेय असं वाटायला लागलं. आपण दोघं वेड्यासारखे हसलो आणि दिवेवाला वैतागला. ती परीक्षा तुझीच होती, दिनू. आणि आज तूच मायच्या डोळ्यांत दुःख शोधतोस?

त्या चित्राबद्दल ग्रिफिथ्स काय म्हणाला, ते आपल्याला वर्गात घोकायला लावलं होतं. मुंबईच्या जे.जे. कला शाळेचा हा साहेब १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे नकला करत बसायचा. त्याचं म्हणणं असं, की फ्लॉरेन्सच्या चित्रकारानं रेखाटन याहून सरस केलं असतं, व्हेनिसच्या चित्रकारानं रंग याहून सरस लावले असते, पण याहून जास्त भाव दोघांपैकी कोणालाच आणता आला नसता. तेव्हा ही मोठी स्तुती वाटायची. आता त्यात एक खोच दिसते. जणू रेखाटन वेगळं, रंग वेगळे आणि भाव तिसरीकडून कुठून तरी येतो. पण त्या लोंबत्या बोटांत रेखाटन सोडून दुसरं आहेच काय? मनगटाशी रेघ जिथे वळते तिथे ती थोडी ताठ गेली असती तर सुंदरी जागी झाली असती.

जाता जाता, हे लेणं कोरवून घेतलं वराहदेवानं, वाकाटक राजा हरिषेणाच्या मंत्र्यानं. त्यांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम. तेव्हा अजिंठा मराठवाड्यात म्हणून कोणी फार मिरवायला लागलं तर हे ऐकवत जा. आणि तिथली भिंत तयार करायची रीत काय, तर भुसा-तूस घालून मळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग गेरूची रेघ. माय पोळ्याआधी भिंत पोतारायची, ती कृती काही फार लांबची नव्हे.

तर असे पुरावे जमवून मी खुशीत होतो. तुला लिहायचं वाक्यही तयार होतं. पण काल दुपारी सगळं मुसळ केरात गेलं.

सध्या कापसाचा दुसरा वेचा चालू आहे. चित्र पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं. वेचणीला येणारी एक मावशी पाणी प्यायला आली. मायच्या बरोबर पंचवीस-तीस वर्षं एका तासानं, म्हणजे एका ओळीनं, वेचत गेलेली बाई. लोटा हातात तसाच ठेवून बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, आता डोळ्याला पदर लावते. तर म्हणाली,

"मास्तर, ओटी भरेल हाये का रिकामी?"

म्हटलं, "भरेल हाये. दिसत नाही का?"

"मंग बाई अशी कायले उभी हाये? भरेल ओटी असली की मांगं झुकते नं बाई."

आणि पाणी पिऊन गेली. चित्र चांगलं का वाईट, यावर एक शब्द नाही.

मी चित्रापुढे बसलो आणि घाम फुटला. खरंच की! कंबरेला बांधलेल्या ओटीत चार-पाच किलो कापूस साठला की बाईचं वजन पुढे येतं. ते तोलायला ती कमरेतून मागे जाते, पावलं फाकवते, दिवस भरत आलेल्या बाईसारखी. जन्मभर पाहिलंय हे. आणि मी काय रंगवलं? टम्म फुगलेली ओटी, आणि तिच्यामागे झेंडावंदनाला उभी असल्यासारखी सरळ माय.

असं का झालं तेही लगेच कळलं. चित्र मी भाच्यानं मोबाईलवर काढलेल्या फोटोवरून केलं. फोटो काढतो म्हटल्यावर माय काय करायची, ठाऊक आहे ना तुला? ओटी सोडून बाजूला ठेवायची, पदर सारखा करायची आणि श्वास धरून ताठ उभी राहायची. ओटी मी नंतर मनानं जोडली. म्हणजे अंग फोटोपुढचं आणि कापूस वावरातला. चेहरा तुला कोरा वाटला, कारण तो फोटोपुढचाच चेहरा होता. काहीतरी चुकलंय हे तुला कळलं होतं, दिनू. फक्त तू चुकीच्या जागी बोट ठेवलंस. मी मात्र कुठेच ठेवलं नव्हतं.

मग आठवला तो व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा किस्सा. 'बटाटे खाणारे' या चित्राची प्रिंट आपल्या होस्टेलच्या खोलीत भिंतीला चिकटवलेली होती, ढेकणं मारल्याच्या डागांसकट. १८८५ सालचं चित्र. हॉलंडमधल्या न्यूनन नावाच्या खेड्यात त्यानं त्या हिवाळ्यात शेतकऱ्यांची चाळीसहून जास्त डोकी रंगवली, तेव्हा कुठे ही पाच माणसं एका दिव्याखाली बसली. चेहऱ्यांचा रंग कसला, तर न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्याचा. भावाला त्यानं लिहिलं होतं की ताटात घातलेल्या याच हातांनी जमीन खणलीय, हे मला दाखवायचं होतं. या चित्राचं शिळाछापावर काढलेलं रूप त्यानं राप्पार्ट नावाच्या चित्रकार दोस्ताला पाठवलं. दोस्तानं धू धू धुतलं. उजवीकडच्या माणसाला गुडघा का नाही, पोट का नाही, छाती का नाही, हात गजभर आखूड का? व्हिन्सेंटनं ते पत्र जसंच्या तसं परत पाठवून दिलं. पाच वर्षांची दोस्ती त्या वर्षाअखेर संपली.

वीस-बावीसच्या वयात मी कट्टर व्हिन्सेंटच्या बाजूचा होतो आणि तू राप्पार्टच्या. रात्र रात्र भांडलो यावरून. आता पाहतो तर राप्पार्टचं शरीरशास्त्र बिनचूक होतं. गुडघा नाहीच तिथे. पण ते हात बशीकडे ज्या जडपणानं जातात, तो जडपणा गुडघा मोजून आला नसता. त्याच उन्हाळ्यात व्हिन्सेंटनं लिहिलंय की खणणाऱ्या माणसाचा फोटो काढाल तर त्यात तो खणत नसणार हे नक्की. हे वाक्य मी पोट्ट्यांना फळ्यावर लिहून द्यायचो, बावा. आणि स्वतः मात्र मायचा फोटो समोर ठेवून बसलो!

व्हिन्सेंटच्या चुकीत आणि माझ्या चुकीत फरक आहे तो इथे. त्यानं अंग मोडलं ते वजन दाखवायला. माझं अंग सगळं मापात होतं, आणि वजनच गायब.

काल रात्री लाइट होती तोवर कंबरेपासून खालचा भाग पॅलेट नाइफनं खरवडून काढला. हिरव्या लुगड्याखालून जुना निळा निघाला. तो थोडा राहू दिलाय, बरा दिसतोय. कमरेतून मागे गेलेली, एक पाय पुढे, अशी आज सकाळी पुन्हा उभी केली. मावशीला विचारून विचारून. तिनं एकदा गाठोडं पोटाशी बांधून उभंही राहून दाखवलं आणि बाकीच्या बाया खो खो हसल्या.

पण खरी मजा पुढे झाली. कापूस पुन्हा रंगवताना लक्षात आलं की डिसेंबरचं चारचं ऊन मायच्या पाठीमागून, मावळतीकडून येतंय. चेहरा सावलीत. म्हणून तर मी तो बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून गडद ठेवला होता (काळा रंग वापरला नाही, तेवढी तुझी शिकवण लक्षात आहे). पण पुढ्यात एवढा पांढराशुभ्र कापूस असताना त्याचा उजेड वर हनुवटीवर यायला नको? चित्रकार हळदणकरांची ती दिवा घेतलेली बाई आठव. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे ती. आपल्या चौकातल्या किराणा दुकानात तिचंच कॅलेंडर आहे आणि मालक सगळ्यांना ती राजा रविवर्म्याची म्हणून सांगतो. १९४५-४६ च्या सुमाराचं जलरंगातलं काम, आणि मॉडेल त्यांची स्वतःची मुलगी. जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. कुठे राखायचा ते पहिला ब्रश लावण्याआधीच ठरवावं लागतं. त्या बाईचा चेहरा शांत आहे, काही बोलत नाही. जे बोलायचं ते दिव्याआड धरलेल्या, आतून लालसर झालेल्या बोटांनी. दिवा काढून घे, मग तोच चेहरा तुला कोरा वाटेल.

तर मी यलो ऑकरमध्ये पांढरा घालून, किंचित निळसर करून, मायच्या हनुवटीखाली आणि खालच्या ओठाच्या कडेला दोन हात मारले. बस, दोनच. डोळ्यांना शिवलो नाही, भुवयांना नाही. घरची चहा घेऊन आली, थबकली आणि म्हणाली, "आता सासूबाई काहीतरी सांगायच्या बेतात आहेत." काय सांगायच्या बेतात, ते मला ठाऊक नाही. बहुतेक हेच, की रंगात लोळणं पुरे, वावरात ये, डुकरं तूर खाऊन राहिली.

तूर यंदा बरी आहे. शेंगा भरत आल्यात. संक्रांतीनंतर ये, सोल्याची भाजी आणि गोळाभात करायला सांगतो. येताना बर्न्ट सिएनाची मोठी ट्यूब आण, आर्वीत मिळत नाही आणि माझी संपत आलीय. या वेळी फोटो पाठवणार नाही. पडवीत उभं राहून बघ, हवं तर तळहातानं चेहरा झाकून बघ. तरी कोरा वाटला तर तसंच सांग. पत्र परत पाठवणार नाही.

तुझा,
वसंता