दिग्या, तुझं रीडिंग बरोबर होतं

मेलबर्न, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

तुझे तीन मेसेज आणि दिवाळीचा एक फोन, एवढी उधारी माझ्या नावावर आहे. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे. शुगरच्या एका गोळीची दीड झाली, बस.

शुक्रवारी तराजूवर वाळवलेला लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, ठेवला आणि आकडा वर चढायला लागला. काचेचं दार बंद, कुणाचा हात नाही, वारा नाही. आधी चौथा दशांश पळाला, मग तिसरा हलला. मी खुर्चीत बसून बघत राहिलो आणि मला 1996 चा जुलै दिसला. तुलाही आत्ता तेच दिसलं असेल. कागद बाजूला ठेवू नको बे, अजून बरंच लिहायचंय.

झालं असं. माझ्याकडे श्रीलंकेची एक मुलगी पीएच.डी. करते. तिने इथल्या लॅट्रोब खोऱ्यातल्या तपकिरी कोळशाचे तीन वाटे केले. एक जसाच्या तसा, दुसरा आम्लाने धुतलेला, तिसरा धुऊन परत सोडियम चढवलेला. तिन्ही वाटे मिठाच्या संपृक्त द्रावणावर, बंद भांड्यात ठेवले. आत आर्द्रता 75 टक्के, तसूभर फरक नाही. मूळ कोळसा एकच, हवा एकच, तरी पाणी धरलं प्रत्येकाने वेगळं. सोडियमवाल्याने धुतलेल्यापेक्षा जास्त. वर मोकळ्यावर तोलताना वजन स्थिर राहत नाही म्हणून वहीत प्रत्येक मिनिटाचं वजन लिहिलेलं. मी काय म्हणालो असेन? "झाकण नीट लावत जा." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तिच्या समितीला मेल पाठवली, 'कामात निष्काळजीपणा' असं लिहून. ती म्हणाली, बरं, परत करते. अगदी तुझ्यासारखं, मान खाली घालून.

आपल्याला शिकवलं होतं की लिग्नाइट म्हणजे स्पंज, भोकं जास्त म्हणून पाणी जास्त. ते खोटं नाही. इथला कोळसा शंभर किलो खणला तर साठ किलोच्या वर पाणीच निघतं. खाणीत हातात घेतला तर ओल्या शेणीसारखा वाटतो. तुझ्या वणीचा कोळसा काळा, कोरडा, जाळायला तयार. इथलं वीजघर आधी कोळशातलंच पाणी उकळायला कोळसा जाळतं आणि उरलेल्यात वीज करतं. पण भोकांतलं पाणी हा सोपा भाग, ते निमूट जातं. खरी चिवट गोष्ट भिंतीवर आहे. हा कोळसा अजून अर्धा लाकूडच रे, अंगात ऑक्सिजन खच्चून. भिंतीवर कार्बॉक्सिल आणि फिनॉल हे ऑक्सिजनवाले अणूंचे गट, आणि पाण्याचा पहिला थर त्यांना हायड्रोजन बंधाने धरून बसतो. त्या थराला मग पुढचे रेणू लटकतात, लोकलच्या दारातल्यासारखे. हे आतलं पाणी शून्याच्या कितीतरी खाली नेलं तरी गोठत नाही आणि काढायला नुसत्या उकळण्यापेक्षा जास्त उष्णता खातं. कार्बॉक्सिलवर हायड्रोजनच्या जागी सोडियम बसला की तो स्वतःभोवती आणखी पाणी गोळा करतो. शेफर नावाच्या माणसाने 1972 सालीच हे गट आणि हे धातू यांचा पाण्याशी संबंध मांडला होता. मी तो पेपर वाचलाय. वर्गात शिकवलाय सुद्धा. आणि तरीही झाकण!

वाळवला की कोळसा आकसतो, काही भोकं कायमची मिटतात, म्हणून सगळं पाणी परत घेत नाही. पण गट जागेवरच असतात, दमट हवा लागली की ओढायला सुरुवात. ओढताना गरमही होतो, वाळवलेल्या ढिगाला आग लागायची भीती त्यातूनही असते. ते गट घालवायचे तर दाबाखाली अडीचशे-तीनशे अंशापर्यंत तापवावं लागतं, मग ते कार्बन डायऑक्साइड होऊन निघतात. आपलं ओव्हन होतं 105 अंशाचं, तेही दार लाथेने लावायचं.

म्हणजे नागपूरच्या जुलैत, तमिळनाडूतल्या नेवेलीच्या लिग्नाइटचा तो तुकडा, तुझी चढती वजनं... ती कुक केलेली नव्हती. सरांसमोर 'यानं आकडे जुळवलेत' असं मी म्हणालो. जुळवणारा माणूस आकडे स्थिर दाखवतो, चढते नाही, एवढंही मला सुचलं नाही. आणि एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. डेसिकेटरमधलं, नमुने कोरडे ठेवायच्या त्या बंद भांड्यातलं, सिलिका जेल ओलावा पिऊन गुलाबी पडलंय हे मला आदल्या दिवशीच दिसलं होतं. ते भाजून निळं करायची पाळी माझी होती. मी मॅच बघायला गेलो. वर्षभर तू माझ्याशी बोलला नाहीस तेव्हा मला वाटायचं, किती हा राग! (त्याच वर्षी मेसमध्ये माझ्या ताटातलं सावजी तू उचलून नेलंस, ते मात्र मी माफ केलेलं नाही.)

आता समितीला दुसरी मेल लिहायचीय. चार दिवसांत... नाही, दोनच झाले, पण चार वेळा लिहून खोडली. 'गैरसमज झाला' लिहिलं तर चूक कुणाचीच राहत नाही. 'माझी चूक' लिहिलं तर पुढच्या अनुदानाच्या वेळी कुणीतरी ते काढणार. इथे तसंही सगळं आवरतंय, यालर्नचं वीजघर 2028 ला बंद होणार, तपकिरी कोळशावर पैसे कोण देतो? आणि त्या मुलीला काय सांगू? तोंडावर सांगू की आधी मेल? तू असतास तर काय ऐकायला आवडलं असतं तुला? हे विचारायला मला तीस वर्षं लागली, आणि तेही दुसरीसाठी विचारतोय.

काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? पोरीला अकोल्याला लागला का नंबर? वहिनींना नमस्कार. कपाशीचं काय झालं ते सविस्तर लिही, मला खरंच वाचायचंय.

तुझं ते प्रॅक्टिकलचं जर्नल अजून असेल, तू काही टाकत नाहीस. लाल शाईने रेघ मारलेलं ते पान सापडलं तर फोटो काढून पाठव. वजनं वाचता येतील असा काढ.

तुझा,
सुहास