भोंगा कधी वाजणार?

लेस्टर,
27 नोव्हेंबर 2022

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण व्हिडिओ कॉलवर अण्णांना निम्मं ऐकू येत नाही (सगळी उमेदीची वर्षं गिरणीच्या साचेखात्यातल्या खडखडाटात गेली, कान तरी किती टिकणार), आणि उरलेलं निम्मं धाकटा मधेच तोडतो. मला जे सांगायचंय ते एका दमात सांगायचंय. अण्णा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

आधी भांडण. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी इकडे पंतप्रधान म्हणून ऋषी सुनकचं नाव पक्कं झालं आणि तिकडे सोलापुरात आपल्या गल्लीत हजाराची माळ लावली, त्याचा व्हिडिओ धाकट्यानं लगेच पाठवला. मागून कोण तरी ओरडत होतं, "आता राणीच्या घरावर आपला माणूस!" राणी सप्टेंबरातच गेली, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. पण मला हसू वेगळ्याच गोष्टीचं आलं. ज्या गावानं 1930 साली इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला, ज्या गावच्या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं, त्या गावात इंग्लंडच्या पंतप्रधानासाठी फटाके! मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही नावं तुम्हीच मला चार पुतळ्यांसमोर उभं करून पाठ करून घेतली होती. आणि त्या व्हिडिओत कोपऱ्यात टाळ्या वाजवणारे बनियनवाले गृहस्थ तुम्हीच होता. नाही म्हणू नका, मी थांबवून बघितलंय.

आईचं म्हणणं, नारायण मूर्तींचा जावई म्हणजे आपल्याच बाजूचा. असू दे की. जामाता दशमो ग्रहः, हे तर तूच प्रत्येक लग्नात म्हणतेस.

तर हा ग्रह इथं कसा उगवला ते सांगते. या वर्षातला हा तिसरा पंतप्रधान. पहिला बोरिस जॉन्सन. लोकांना घरात कोंडून स्वतःच्या कार्यालयात मेजवानी केल्याबद्दल त्याला पोलिसांनी दंड केला, आणि तसाच दंड अर्थमंत्री असलेल्या या सुनकलाही झाला. जुलैत बोरिसचा पाय घसरला. मग त्यांच्या पक्षाच्या सभासदांनी मतदान करून लिझ ट्रसबाई निवडल्या. किती मतांनी, तर 81,326. सहा कोटी सत्तर लाखांच्या देशाचा पंतप्रधान एवढ्या मतांवर. आपल्याकडं नगरसेवक बरा, निदान पाच वर्षांतून एकदा बोळात येऊन चिखल तरी बघतो.

ट्रसबाई 49 दिवस टिकल्या. इथल्या एका वर्तमानपत्रानं कॅमेऱ्यासमोर सॅलडच्या पाल्याचा गड्डा ठेवला होता, बाई आधी जातात की पाला आधी सडतो ते बघायला. पाला जिंकला. सगळा देश हसला, आम्हीही हसलो, आणि त्याच आठवड्यात बँकेचं पत्र आलं.

त्याचं असं झालं. 23 सप्टेंबरला ट्रसबाईंच्या अर्थमंत्र्यानं 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. सगळ्यात श्रीमंतांचा कर कमी, बँकवाल्यांच्या बोनसवरची मर्यादा उठवली. म्हणे वरचं रांजण भरलं की सांडून खालच्या मडक्यात पडेल. पैसा कुठून आणणार ते सांगितलंच नाही. तीन दिवसांत पौंड 1.03 डॉलरवर आला, इतका खाली तो कधीच गेला नव्हता. आणि पेन्शन फंड बुडायची वेळ आली.

ही पेन्शनची भानगड मला आधी कळली नव्हती. मग सराफ कट्ट्यावरनं कळली. समजा, आईनं पाटल्या तारण ठेवून पतपेढीतून पैसे उचलले. सोन्याचा भाव पडला की पतपेढी म्हणणार, आणखी एक दागिना आणा, नाहीतर पाटल्या विकतो. आता गावातल्या सगळ्या बायकांनी पाटल्या ठेवल्यात आणि सगळ्यांना एकाच दिवशी हा निरोप गेला, तर काय होईल? जी ती काही तरी विकायला धावणार, भाव अजून पडणार, पतपेढी अजून मागणार. इथल्या पेन्शन फंडांनी सोन्याऐवजी सरकारी रोखे ठेवले होते, एवढाच फरक. शेवटी 28 तारखेला बँक ऑफ इंग्लंडनं 65 अब्ज पौंडांपर्यंत रोखे घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा घसरण थांबली. सावकारच बाजारात उतरून पाटल्या विकत घेतो म्हणाला. बरं, हे सगळं म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पेन्शनीवर. अण्णा, तुमचा फंड आणि ग्रॅच्युइटी किती वर्षं अडकली होती, ते आठवून माझ्या पोटात गोळा आला होता.

आमच्या घराचा व्याजदर मार्चपर्यंत बांधलेला आहे. आता महिन्याला 630 पौंड जातात. नव्या दरानं हप्ता साडेनऊशेच्या घरात जाईल म्हणे. रुपयांत करू नका, उगाच बीपी वाढेल. (केलंत ना? नव्वद हजाराच्या वर. मला माहीत होतं.) बँक ऑफ इंग्लंडचा दर गेल्या डिसेंबरच्या सुरुवातीला 0.1 टक्का होता, आज 3 टक्के आहे. महागाई ऑक्टोबरात 11.1 टक्क्यांवर गेली, 41 वर्षांत एवढी नव्हती. साधारण घराचं वीज-गॅसचं वर्षाचं बिल गेल्या हिवाळ्यात 1,277 पौंड धरायचे, आता सरकारनं काही भार उचलूनही 2,500, आणि एप्रिलपासून 3,000. आम्ही संध्याकाळी दीड तास हीटर लावतो, बाकी वेळ तुमची चादर. बारा वर्षांपूर्वी लग्नात दिलेली, अजून एक धागा निघालेला नाही.

शेजारच्या बा तर हीटर लावतच नाहीत. गुजराती आहेत, 1972 मध्ये ईदी अमीननं युगांडातून हाकलल्यावर कंपालाहून आल्या. त्या वेळी या लेस्टरच्या नगरपालिकेनं तिकडच्या पेपरात जाहिरात दिली होती, आमच्याकडं येऊ नका म्हणून. तरी आल्या, पन्नास वर्षं होजिअरीच्या कारखान्यात आणि मग दुकानात काढली. आता सकाळी दहाला डबा घेऊन वाचनालयात जाऊन बसतात. नगरपालिकेनं तिथं ऊब घ्यायला खुर्च्या मांडल्यात. सुनक झाला त्या दिवशी त्यांनीही पेढे वाटले. मी विचारलं, "बा, आता गॅस स्वस्त होणार का?" म्हणाल्या, "बेटा, पेढा खा."

या गावाची आणि सोलापूरची कुंडली एकच आहे. एके काळी अर्ध्या जगाचे मोजे-बनियन इथं विणले जायचे. आता त्या लाल विटांच्या गिरण्यांत कुठं फ्लॅट, कुठं जिम, कुठं नुसतीच कबुतरं. मी पहिल्यांदा आले तेव्हा एका धुराड्याकडं बघून वाटलं, आता भोंगा वाजेल. तुम्ही आम्हाला भोंग्यावर उठवायचात. मग तो बंद झाला आणि गेटवर पुढारी यायला लागले. खादीवाले, लाल बावटेवाले, नंतर भगवेही. प्रत्येकाच्या गळ्यात हार. भाषण संपलं की तुम्ही मागनं ओरडायचात, "ते राहू द्या ओ, भोंगा कधी वाजणार?" मला तुमच्या खांद्यावरून दिसायचं, की त्या प्रश्नावर प्रत्येक पुढारी पाणी प्यायचा.

मी सुनकचं पहिलं भाषण टीव्हीवर उभ्या उभ्या ऐकलं, ड्यूटीवर निघताना. चुका झाल्या, अवघड निर्णय घ्यावे लागतील, सचोटीनं कारभार करीन. छान बोलतो, सूटही छान. आणि त्याच दिवशी त्यानं गृहमंत्री कोण केली, तर सहा दिवसांपूर्वी नियम मोडल्यावरून राजीनामा दिलेली बाई. सचोटी संध्याकाळपर्यंतसुद्धा पुरली नाही. उन्हाळ्यात तर एका बागेत आपल्या पक्षवाल्यांपुढं हाच सांगत होता, की गरीब शहरी वस्त्यांकडं जाणारा निधी मी दुसरीकडं वळवला. हे काही कुणी चोरून ऐकलेलं नाही, चित्रफीत आहे. मग 17 तारखेला त्याच्या अर्थमंत्र्यानं (या वर्षातला चौथा) करवाढ आणि खर्चकपात मिळून 55 अब्जांचं बजेट मांडलं. पगारवाल्यांचा दर वाढवला नाही, फक्त 12,570 पौंडांची करमुक्त मर्यादा 2028 पर्यंत तिथंच गोठवली. पगार महागाईनं थोडा वाढला की माणूस आपोआप जास्त कर भरणार. खिसा कापला, पण ब्लेड दिसलं नाही. मंदी सुरू झालीय हे आता सरकारच मान्य करतंय, आणि दोन वर्षांत लोकांचं राहणीमान 7 टक्क्यांनी घसरणार हा त्यांच्याच तज्ज्ञांचा हिशेब.

विरोधी पक्षाचं विचाराल, तर नाव मजूर पक्ष, आणि त्यांचे साहेब आपल्याच पुढाऱ्यांना सांगतात की संपवाल्यांच्या शेजारी उभे राहू नका. तुमच्या युनियनच्या ऑफिसात कुणी असं बोललं असतं तर चहासुद्धा मिळाला नसता.

आता संपाचं सांगते, कारण ते तुम्हाला फोनवर मुद्दाम सांगितलं नव्हतं. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग ही आमची संघटना 1916 सालची. एवढ्या वर्षांत देशभर संप असा तिनं कधी केला नाही, आणि आता 15 आणि 20 डिसेंबरला करतेय. सरकारनं आम्हाला वर्षाला 1,400 पौंड वाढवले, महागाईपुढं ती पगारकपातच आहे. आमच्या वॉर्डच्या खोलीत एक खोकं ठेवलंय, डाळ, टिन, पास्ता, ज्याला लागेल त्यानं न विचारता न्यायचं. परवा त्यातून नेताना मी ज्या बाईला बघितलं, ती वीस वर्षांची अनुभवी सिस्टर आहे. तिनं माझ्याकडं बघितलं, मी फ्रीज उघडून आत काही तरी शोधायला लागले.

मी संपाच्या बाजूनं मत दिलं, अण्णा. हात थरथरला, कारण पेशंट डोळ्यासमोर येतात. पण आमच्या हॉस्पिटलात संप होणार नाही. निम्म्याहून जास्त सभासदांनी मतदान केलं तरच ते धरायचं, असा 2016 चा कायदा, आणि आमच्याकडं मतं थोडक्यात कमी पडली. ज्यांनी दिली त्यांतले बहुतेक संपाच्याच बाजूचे. तरी नाही. नर्सला एक दिवस काम थांबवायला निम्मी मतं लागतात, आणि देश बुडवायला 81 हजार पुरतात. ब्रेक्झिटच्या वेळी यांनीच लाल बसवर लिहून फिरवलं होतं, की आठवड्याला 35 कोटी पौंड आमच्या दवाखान्यांना मिळतील. त्या बसची अजून वाट बघतोय.

धाकट्यानं सप्टेंबरात आणखी एक मेसेज टाकला होता, आपली अर्थव्यवस्था इंग्लंडच्या पुढं जाऊन पाचवी झाली म्हणून. तिरंग्याची सात चित्रं. आनंद मलाही झाला, दोनशे वर्षांचा हिशेब आहे. पण आपण एकशे चाळीस कोटी आणि हे पावणेसात कोटी, हे त्या मेसेजात नव्हतं. आणि गेल्या रविवारी तोच धाकटा सांगत होता, की अक्कलकोट रोडला त्याच्या कारखान्यात रात्रपाळी बंद केलीय, परदेशातले टॉवेलचे ऑर्डर थांबलेत. का थांबलेत ते मी इथं रोज बघते. दुकानात टॉवेलच्या मांडणीजवळ बायका थांबतात, हात लावतात आणि पुढं जातात. मीसुद्धा परवा एक उलटून बघितला, काठाची शिवण तुम्ही शिकवली तशी नखानं तपासली. भारतातला होता. सोलापूरचा होता का ते लिहिलेलं नव्हतं. घेतला नाही, अण्णा. जुना अजून चालतोय.

बाकी सगळे बरे आहोत. पोरगी शाळेत सुनकवर निबंध लिहून आली, पहिला हिंदू पंतप्रधान वगैरे. चांगला लिहिलाय, मी काही बोलले नाही. तिला वाटतं की काहीही होता येतं, ते राहू दे. गड्ड्याच्या जत्रेला यायचा विचार होता, संक्रांतीला नंदीध्वज बघून तीन वर्षं झाली, पण तिकिटं बघितली आणि खिडकी बंद केली. उन्हाळ्यात बघू. आई, शेंगाचटणी पाठव, पण कडक भाकरी नको. मागच्या वेळी पोचेपर्यंत तिचा चुरा झाला होता. तरी खाल्ला म्हणा.

तुमची,
थोरली

ता. क. शेजारच्या अक्कांना विचारून एक कळवा. आपण पाचवे झाल्यापासून हजार विड्यांमागं मजुरी किती वाढली? आकडा नीट लिहा, धाकट्याच्या हाती निरोप नको.